वापरणाऱ्याची चूक

"वारा रातीचा दावतंय, येतंय सकाली. ह्या ॲपला समजत न्हाय."

हे वाक्य निनादनं मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं. नुसतं वाचलं नाही. नाकातून वाचलं. 'न्हाय' लांबवून लांबवून, मान हलवत, नाटकात कोणी गड्याचं सोंग करावं तसं. मग थांबला. लोकांना हसायला वेळ दिला. आणि म्हणाला, "मॅडम, हा इश्यू ट्रॅकर आहे. मासळी बाजार नाही."

पडद्यावर चाळीसेक चेहरे होते. बरेच हसले. ज्यांचे कॅमेरे बंद होते त्यांनी हसण्याची चिन्हं टाकली. पिवळे गोल चेहरे खालून वर तरंगत गेले.

मीही टाकलं. हसणारं चिन्ह. माझ्याच हातानं.

ते आधी सांगून टाकते, कारण पुढे जे काही मी केलं त्याचा राग निनादवर जितका होता तितकाच ह्या एका गोष्टीचा होता.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर फरझाना होती. आम्ही दोघी सिल्व्हर पार्कमधल्या एका छोट्या कंपनीत काम करतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हेच आमचं काम. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असतं, नेट बरं असतं, म्हणून मी मीटिंग तिथूनच करायचे. फरझानाला मराठी बोलता येत नाही, पण कळतं सगळं. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वो तेरे घर की बोली पे हँस रहा है," ती म्हणाली. "तू क्यों हँस रही है?"

मी म्हटलं, "मज़ाक है, छोड़ ना."

ती परत कामाला लागली.

मी चौकची. उत्तनच्या जवळचं आमचं गाव, कोळ्यांचं. बाबा गेल्यापासून आमची होडी काका चालवतो, बाबांचा धाकटा भाऊ. मला त्यानंच शिकवलं. कॉलेजला भाईंदरला जायचे तेव्हा बस चुकली की कोणाच्या तरी रिक्षात बसवून द्यायचा आणि रिक्षावाल्याला माझ्यादेखत दम भरायचा, नीट ने म्हणून.

ते ॲप वाऱ्याचं आणि लाटांचं. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी, मराठीत. ओपन सोर्स. म्हणजे आतली सगळी बांधणी उघडी. कोणीही बघावी, कोणीही दुरुस्त करावी. करणारे सगळे फावल्या वेळात करणारे, पगार कोणालाच नाही. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. ऑफिसमध्ये मी ज्याच्यातल्या चुका शोधते ते सॉफ्टवेअर माझ्या घरात कोणी कधी वापरणार नाही. हे माझा काका वापरत होता. मी दीड वर्ष ह्या प्रकल्पात शनिवार-रविवार घातले. शब्द तपासले, चुका नोंदवल्या. निनाद हा प्रकल्प सांभाळणारा. कुठल्याशा मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. इथे कोणी सर नाही, सगळे सारखे, असं तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा. सगळे त्याला सर म्हणायचे.

चूक काकानंच पकडली. एकदा जेवताना त्यानं फोन माझ्यासमोर धरला आणि ते वाक्य म्हणाला. मी दोन दिवस तपासलं. वाऱ्याचा अंदाज जगाच्या घड्याळानं येतो, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. ॲपनं ते साडेपाच तास मिळवून दाखवायचे असतात. फोन इंग्रजीत असला की ॲप मिळवत होतं. फोन मराठीत असला की मिळवत नव्हतं. सकाळी साडेसातचा वारा रात्री दोनचा दिसायचा.

प्रकल्पातल्या कोणालाच हे का दिसलं नाही, ते मला लगेच कळलं. मराठी ॲप बनवणाऱ्या त्या सगळ्यांचे फोन इंग्रजीत होते.

मी इश्यू ट्रॅकरवर, म्हणजे प्रकल्पाच्या तक्रारवहीत, रीतसर तक्रार लिहिली. दोन्ही भाषांतले फोटो, चूक कशी दिसते त्याच्या पायऱ्या, सगळं. आणि वर काकाचं वाक्य, जसंच्या तसं. मला वाटलं, ज्याच्यासाठी हे बनवतोय त्याचे शब्द असू देत.

निनादनं खालचं काही वाचलं नाही. वरचं वाक्य वाचलं, सोंग केलं, आणि मीटिंग चालू असतानाच तक्रार बंद केली. "आमच्याकडे असं दिसत नाही," एवढं लिहिलं. त्यावर शिक्का मारला. शिक्के आधीच ठरलेले असतात, निवडायचे फक्त. त्यानं निवडला, 'वापरणाऱ्याची चूक'.

घरी गेले. काकानं विचारलं, "सांगितलंस काय त्यांना?"

त्याला काय सांगणार होते मी. तुझं बोलणं वाचून चाळीस शिकलेली माणसं हसली, हे सांगणार होते? मी म्हटलं, "हो. सांगितलं. करतायत."

पुढच्या आठवड्यात ॲप अपडेट झालं. रंग बदलले होते, बाकी काही नाही. काकानं ते बघितलं आणि त्याला वाटलं, झालं. पोरीनं सांगितलं, त्यांनी केलं.

जानेवारी संपत आला होता. ॲपनं काकाला रात्री दोन ते पाच वारा दाखवला. पाचच्या पुढे साफ. दोन वाजता कोण उठून बघतंय वारा आला की नाही. काका पाचला निघाला, बरोबर आमच्या आळीतला एक जण. वारा साडेसातला आला.

मला ऑफिसमध्ये फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. होडी खडकांकडे चालली होती. काका नांगराचा दोर सोडत होता, लाटेनं होडी फिरली, दोर हाताला आवळला. दुसऱ्या एका बोटीनं त्यांना बांधून किनाऱ्याला आणलं. माणसं वाचली. काकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

फरझाना माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये आली. काका कॉटवर बसला होता, हात पांढऱ्या पट्टीत उशीवर ठेवलेला. मला बघून म्हणाला, "काय न्हाय झालं गो बाय. रडू नको." मग थोड्या वेळानं, अगदी साधेपणानं विचारलं, "तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

तेव्हा सांगितलं. वाक्य, सोंग, मासळी बाजार, शिक्का. मी खोटं बोलले, तेही. आणि मी हसले, तेही.

काकानं मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या बोलण्याची तुला लाज वाटली," तो म्हणाला.

प्रश्न नव्हता तो.

त्याच दिवशी मी ट्रॅकरवर लिहिलं. राग गिळून, एकेक वाक्य तपासून. काय झालं, कोणाचं काय गेलं, चूक कुठे आहे, मी ती कधी नोंदवली होती आणि कोणी बंद केली. तीन गोष्टी मागितल्या. चूक दुरुस्त करा. फोन मराठीत असलेल्या सगळ्यांना ॲपमध्येच सूचना द्या की आजवर तुम्हाला चुकीची वेळ दिसत होती. आणि माझ्या तक्रारीवरचा तो शिक्का काढा.

दोन तासांत दुरुस्ती झाली. एका ओळीचा बदल होता. निनादनं शेरा लिहिला, 'वेळ दाखवण्यात किरकोळ सुधारणा'. सूचना नाही. शिक्का तसाच.

मी खाली लिहिलं, "किरकोळ नाही. माझ्या काकाची दोन बोटं गेली आहेत. तुम्ही ही तक्रार न वाचता बंद केली होती."

त्याचं उत्तर मला पाठ आहे. "मी हे काम विनामोबदला करतो. माझा वेळ देतो. मी कोणालाही उत्तर द्यायला बांधील नाही. वापरायचं नसेल तर वापरू नका."

थोड्या वेळानं माझं वाक्य तिथून गेलं. त्याच्या जागी लिहिलं होतं, सभ्यतेच्या नियमांचा भंग झाल्यामुळे काढलं. मला सात दिवस लिहायला बंदी.

ते नियम मी काढून वाचले. चांगले आहेत. कोणाची भाषा, जात, गाव, शिक्षण ह्यावरून टिंगल करू नये, असं दुसऱ्याच ओळीत आहे. मीटिंगमध्ये चाळीस माणसं होती. त्या दिवशी ती ओळ एकालाही आठवली नाही. मी नाव घेऊन विचारलं तेव्हा मात्र सगळ्यांना सभ्यता आठवली.

मग मेधाताईंचा फोन आला. त्या प्रकल्पातल्या दुसऱ्या मोठ्या. बाई गोड बोलतात.

"अगं, तुझा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण सूर बघ ना तुझा. तो बिचारा फुकट करतो गं सगळं. अशानं माणसं सोडून जातात."

"ताई, मीसुद्धा फुकटच करते."

"हो गं, पण त्याचं काम वेगळं."

"आणि त्यानं जो सूर लावला होता, नाकातून?"

त्या म्हणाल्या, "ती गंमत होती. तू पण हसली होतीस की."

माझ्या कानशिलात बसली. खरंच होतं ते.

पण फुकट ह्या शब्दावर मी दोन दिवस विचार करत राहिले. आमच्या गावात एखादी बोट वेळेवर परतली नाही की बाकीच्या निघतात. कोणाला बोलवावं लागत नाही. कोणी पगारी नसतं. स्वतःचं डिझेल, स्वतःचा दिवस. पण त्यात एक जण म्हणाला, मी खाडीच्या तोंडाशी बघून आलो, आणि तो गेलाच नव्हता, तर? त्याला कोणी सोडेल? बिचारा फुकट गेला होता, सूर सांभाळून विचारा, असं कोणी म्हणेल? उलट फुकट गेला म्हणूनच त्याच्या शब्दावर सगळे विसंबलेले असतात. उत्तर द्यायचं नसेल तर घरी बसावं. घरी बसलेल्याला कोणी विचारत नाही.

बंदी संपल्यावर महिन्याची मीटिंग होती. मेधाताईंनी आधीच सगळं जुळवून ठेवलं होतं. मी म्हणायचं, भावनेच्या भरात माझ्याकडून जास्त लिहिलं गेलं. निनाद म्हणणार, कोणी दुखावलं असेल तर वाईट वाटतं. मग विषय संपला. माझं वाक्य त्यांनी मला टाईप करून पाठवलं होतं.

मी ऑफिसमध्ये बसले. फरझाना मुद्दाम थांबली होती. माझं नाव पुकारलं. ते वाक्य समोर उघडं होतं.

मी म्हटलं, "हे वाक्य मेधाताईंनी मला लिहून दिलंय. मी ते वाचणार नाही. त्या दिवशी तुम्ही ज्या वाक्यावर हसलात ते माझ्या काकाचं आहे. त्यात एकही चूक नव्हती. वारा रात्रीचा दिसत होता, सकाळी येत होता. ह्या मीटिंगमध्ये त्या दिवशी तेवढंच एक वाक्य बरोबर होतं. मी पण हसले होते. मी ते मागे घेते. तुम्ही तुमचं बघा."

निनाद म्हणाला, "हे इमोशनल ब्लॅकमेल आहे."

मी म्हटलं, "नाही. हा बग रिपोर्ट आहे. तुम्ही तो न वाचता बंद केला होता. का केला, ते सांगा. एवढंच विचारतेय."

"मी सांगायला बांधील नाही."

"मग बंद करायचा अधिकार कशाला ठेवलाय हातात?"

तो मीटिंगमधून निघून गेला. त्याचा चेहरा होता ती जागा रिकामी झाली आणि बाकीचे चेहरे सरकून ती भरली. मेधाताई म्हणाल्या, आपण पुढचा विषय घेऊया. चाळिसातल्या एकानं, रत्नागिरीच्या एका माणसानं, खाली लिहिलं, "तिचं बरोबर आहे." बाकी शांत.

चार दिवसांनी ॲपमध्ये सूचना लागली. त्या रत्नागिरीवाल्यानं लिहून पाठवली होती, मेधाताईंनी मंजूर केली. साधी, सरळ, मराठी फोनवर चुकीची वेळ दिसत होती असं सांगणारी. मला त्यांनी फोन केला नाही. निनाद अजून तिथेच आहे. मीटिंगला येतो, माझ्याशी बोलत नाही. माझ्या तक्रारीवर अजून तोच शिक्का आहे.

लोक मला म्हणतात, सोडून दे. सगळी बांधणी उघडीच आहे, उचल आणि स्वतःचं वेगळं ॲप काढ. मी का जाऊ? दीड वर्षाचं माझं काम त्यात आहे. आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या फोनमध्ये हेच ॲप आहे, माझं वेगळं नाही. मी गेले तर पुढची तक्रार कोण वाचणार?

काकाला माफी नकोय. त्यानं त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही. तो आता डाव्या हातानं गाठ मारायला शिकतोय, आणि गाठ सुटली की शिव्या देतो.

मलाही माफी नको. मी प्रकल्पात एक नियम मांडलाय. जो तक्रार बंद करेल त्यानं स्वतःच्या नावानं कारण लिहायचं, आणि चुकलं तर त्याच जागी, त्याच नावानं तसं लिहायचं. निनादनं तो फेटाळला. कारण लिहिलं नाही. मी परत मांडला. मेधाताई म्हणाल्या, किती वेळा मांडणार तू?

दर मीटिंगला. तो मंजूर होईपर्यंत. कारण विचारणार, नाव घेऊन विचारणार, सगळ्यांसमोर विचारणार. सूर माझा असाच राहील. हाकलायचं असेल तर हाकला, पण का हाकललं ते तुम्हाला तुमच्या नावानं लिहावं लागेल.