धावजींची मंगळवार-शुक्रवारची गाडी

धावजी राठोड यांना तांड्यावर कोणी भित्रा म्हटलं नसतं. पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते स्वतःच्या मोटारसायकलच्या आवाजाला भ्यायला लागले.

त्यांच्या बायकोच्या, सुखीबाईंच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाला यवतमाळच्या दवाखान्यात डायलिसिस. घाटंजीजवळच्या त्यांच्या तांड्यावरून त्या वेळेला एसटी नव्हती. धावजी बायकोला मागे बसवत, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं आपल्या कमरेशी बांधत आणि निघत. एकदाच डायलिसिस चुकलं होतं. त्यानंतरचे दोन दिवस सुखीबाई भिंतीला टेकून श्वास ओढत बसल्या. त्यांना आडवं होता येईना. ती भीती धावजींच्या अंगातून गेली नाही.

गाडी सतरा वर्षांची, कार्बोरेटरची. थंडीत चोक ओढल्याशिवाय उठत नसे, पण तिची प्रत्येक खोड धावजींना ठाऊक होती. अलीकडे ती मधेच अडखळायची. अडखळली की धावजी इंजिनाचा पुढचा ठोका ऐकू येईपर्यंत कान लावून राहत.

घाटंजीच्या बबलू मेकॅनिकनं गाडी पाहून स्पष्ट सांगितलं, “काका, कार्बोरेटर घासून गेला. नवा टाकून देतो. नाही त इंजेक्शनची गाडी घ्या. तिले चोक नाही, रोजची कटकट नाही. किती पेट्रोल सोडाचं, थे गाडीच ठरवते.”

“अन् थांबली त?”

बबलू खोटं बोलला नाही. “थांबली त रस्त्यावर तुमाले काही करता येनार नाही. मशीन लावून पाहा लागते. थे माह्याजवळ हाये, पन जंगलात कुठून आनान?”

धावजींनी मान हलवली. उघडून पाहता येत नाही अशा गाडीवर बायकोला बसवायचं, हे त्यांना झेपणारं नव्हतं. कार्बोरेटर पुढच्या आठवड्यात बदलू, असं म्हणून ते परतले.

त्याच आठवड्यात शुक्रवारी जंगलाच्या पट्ट्यात गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

दोन्ही बाजूंना साग, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोबाइलला रेंज नाही. सुखीबाई मैलाच्या दगडावर बसल्या. पावलं सुजून चपलेबाहेर आली होती, बोलताना धाप लागत होती. धावजींनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. तळाशी गाळ होता. हे काम त्यांनी शंभरदा केलं होतं, पण आज पेचकस खाचेत बसेना. दोनदा घसरला. पेट्रोल सोडणारं, गव्हाच्या दाण्याएवढं पितळी जेट काढलं आणि ते हातातून निसटून धुळीत पडलं.

धावजी गुडघ्यांवर बसले. तळहातानं माती सारत राहिले. एक खडा उचलत, टाकत. मागून श्वासाचा आवाज येत होता आणि तो वाढतो आहे असं त्यांना वाटत होतं. मागे वळून पाहायची हिंमत होईना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बोटाला थंड धातू लागला. तोंडानं फुंकून जेट साफ केलं, बसवलं. नवव्या किकला गाडी उठली.

दवाखान्यात पोचायला पाऊण तास उशीर झाला. मशीन रिकामं होतं म्हणून पाळी मिळाली.

परतताना सुखीबाई म्हणाल्या, “दुसरी गाडी घ्या.”

“थे बंद पडली त माह्या हातात काहीच नाही.”

“आज होतं, पन थे बी खाली पडलं न? तुमचे हात पाहून मले जास्त भेव लागलं.”

जानेवारीत इंजेक्शनची गाडी आली. बटण दाबलं की सुरू. आवाज इतका कमी की धावजींना ऐकायलाच काही उरलं नाही आणि त्याचीही धास्ती वाटू लागली.

दुसऱ्या महिन्यात एका मंगळवारी, घाटंजी मागे पडताच वेगाच्या काट्याशेजारी पिवळा दिवा लागला. विझेना. गाडीचा जोर कमी झाल्यासारखा वाटला. थांबावं तर पुन्हा उठेल की नाही? धावजी थांबले नाहीत. वेग तेवढा कमी केला.

“काहून हळू चालवून राह्यले?” सुखीबाईंनी विचारलं.

“रस्ता खराब हाये.”

दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी इंजिन चालूच ठेवलं आणि बायकोला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. चौकीदार ओरडला तेव्हा परत येऊन चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग चार तास ते गाडीजवळच बसून राहिले, पण बटणाला हात लावला नाही.

सुखीबाई बाहेर आल्या. धावजींनी डोळे मिटून बटण दाबलं. गाडी उठली. दिवा तसाच होता. सगळा रस्ता त्यांनी त्या दिव्याकडे पाहत कापला आणि गाडी थेट बबलूकडे नेली.

बबलूनं आपलं मशीन लावून पाहिलं. “उंदरानं सेन्सरची वायर कुरतडली. यानं गाडी थांबत नाही काका, अंदाजानं चालत राह्यते. दाखवून घ्या, एवढंच थो दिवा सांगते.”

धावजी बाकावर बसले. मग बायकोला म्हणाले, “तुले सांगतलं नाही. सकाळपासून दिवा लागून होता.”

“मले दिसत होता,” सुखीबाई म्हणाल्या. “तुमच्या खांद्यावरून. तुमी भ्याल म्हनून बोलली नाही.”

बबलूनं वायर जोडून दिली. येत्या शुक्रवारी पुन्हा जायचं होतं.