शंभर टक्के सहमत

आमच्या घरी रेंज एकाच ठिकाणी यायची, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ. लॉकडाउन लागला, कॉलेजनं हॉस्टेल रिकामं करायला लावलं आणि मी शहरातून सिल्लोडजवळच्या गावी आले. एम.ए.चे पुढचे वर्ग मी त्या टाकीला टेकून केले. केले म्हणजे काय, डोक्यावर ओढणी घेऊन "सर, आवाज येत नाहीये" एवढंच टाइप करत बसले. सर तासभर एकटेच बोलायचे आणि शेवटी विचारायचे, "समजलं ना सगळ्यांना?" कुणी काही बोललं नाही की समजलं, असा त्यांचा ठाम समज!

त्यात मी वर्गप्रतिनिधी. आमच्याकडे वर्गप्रतिनिधी म्हणजे अख्ख्या वर्गाचे फॉर्म भरणारी बाई. परीक्षेचा अर्ज असो की स्कॉलरशिपचा, सगळ्यांचे रोल नंबर आणि जन्मतारखा मला पाठ. "तू आहेस म्हणून बरं" म्हटलं की मी फुगायचे आणि आणखी चार फॉर्म भरायचे.

माझी हॉस्टेलमधली रूममेट माझ्याच वर्गातली, पैठणकडची. तिच्या घरात मोबाइल एकच, तो वडिलांच्या खिशात आणि वडील दिवसभर रानात. ते घरी आले की संध्याकाळी ती मला फोन करायची.

"हॉस्टेल कधी उघडायलंय गं? इथं पुस्तक हातात घेतलं की काम सांगतेत. घरचे म्हणायलेत, कॉलेज बंदच हाय तर लग्न उरकून टाकू."

"उघडंल गं. जरा दम धर," मी म्हणायचे.

दिवाळीच्या आधी सरांचा फोन आला. "विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण कितपत स्वीकारलंय, त्याचा सर्व्हे आहे. आपल्या वर्गातल्या एकानंही भरलेला नाही. उद्या वर पाठवायचाय. बघ जरा तू."

'बघ जरा'चा अर्थ मला चांगला माहीत होता. बसले टाकीजवळ. रेंज गेली की फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. 'इंटरनेट सुविधा पुरेशी आहे' हे वाक्य वर येईपर्यंत ते चक्र फिरतंय, फिरतंय! पहिलाच फॉर्म चौथ्यांदा उडाला आणि माझं डोकं फिरलं. प्रश्न वाचणं सोडलं आणि प्रत्येक ठिकाणी पहिलाच पर्याय दाबत सुटले : पूर्णपणे सहमत. त्यात माझ्या रूममेटचाही फॉर्म होता.

दिवाळीनंतर ग्रुपवर सूचना आली. विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण उत्तम स्वीकारल्यामुळे वर्ग असेच चालू राहतील, हॉस्टेल तूर्त उघडणार नाही. मी तणतणत सरांना फोन लावला.

"सर, कुणी स्वीकारलंय हे?"

"अगं, तुझ्याच वर्गानं. शंभर टक्के."

सरांचा राग आला, त्या फॉर्मचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशारीचा आला.

संध्याकाळी रूममेटचा फोन.

"नाय उघडायलं म्हणं हॉस्टेल?"

"नाही."

"पुढच्या महिन्यात तारीख काढली माझी." आणि ती उसळलीच. "समदं चांगलं चाललंय म्हणून कुणी सांगितलं गं त्यांला? त्या माणसाला एकदा आमच्या रानात आणून उभं कर माझ्यासमोर. कोण हाय, तुला तर ठाव असंल."

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये गं," मी म्हणाले आणि फोन कट केला.

मी टाकीजवळच उभी होते. रेंज पूर्ण होती.