समुद्रकाठचा कूलर

समुद्रकाठी घर घेऊन समुद्राकडे पाठ करून बसणारा माणूस साऱ्या देशात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला भाऊजी म्हणून आला आहे. माझ्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. जन्म अकोल्याकडचा, नोकरी त्याच भागात पाटबंधारे खात्यात, आणि अकोल्याच्या उन्हाचा अभिमान असा की काही विचारू नका. लोक पोरगा परदेशी गेल्याचं सांगतात ना, त्याच सुरात भाऊजी सांगणार, "काल अकोला साऱ्या देशात पहिलं होतं." कशात, तर तापमानात! आमच्या अमरावतीचा पारा जरा खाली असला की लगेच मला फोन : "काय साळीबाई, थंडी वाजून राह्यली का तिकडं? स्वेटर पाठवू का?" असा हा माणूस गेली काही वर्षं कोकणातल्या एका खेड्यात, लाटांपासून हाकेच्या अंतरावर, भाड्याच्या घरात राहतो. आमच्या गोतावळ्यात हे अजून कोणाच्या पचनी पडलेलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे जाऊन-येऊन, विचारून-विचारून एवढंच शोधत राहिले आहे, की ह्या माणसाला समुद्र आवडतो की नाही?

झालं ते असं. ताईला दमा. त्यांचं अकोल्याचं घर कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत. कापसाचा हंगाम सुरू झाला की घरात रुईची धूळ, भांड्यांवर धूळ, देवावर धूळ, आणि ताईच्या छातीत शिट्टी. आडवं झालं की तिचा श्वास अडकायचा, म्हणून ती वर्षानुवर्षं तीन उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायची. डॉक्टर म्हणायचे, धुळीपासून लांब ठेवा. भाऊजी म्हणायचे, "अकोल्यात धुळीपासून लांब म्हणजे कुठं जी? माळ्यावर ठेवू का?" पुढे निवृत्त झाल्यावर दोघं एका सहलीच्या बसने कोकणात गेले. मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना जाग आली, पाहतात तर ताई आडवी. त्यांनी तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. ती झोपली होती. सपाट, एका उशीवर, तोंड किंचित उघडं ठेवून. सहलीची बस पुढच्या देवळाला निघाली तेव्हा भाऊजी काही केल्या बसमध्ये चढेनात. दुपारपर्यंत त्यांनी घर शोधलं आणि संध्याकाळी माझ्या आईला फोन केला, "आई, मले समुद्र लय आवडला. आमी आता इकडंच राह्यतो." ताईचं नाव नाही, दम्याचं नाव नाही. आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "माय माय! साठी उलटली अन् बुद्धी नाठी झाली ह्या माणसाची. तू जाऊन पाह्यून ये बरं."

मी पहिल्यांदा गेले ती थंडीत. थंडी म्हणजे आपली. तिथे लोक बनियनवर फिरत होते. भाऊजी मला घ्यायला स्टँडवर आले ते डोक्याला दुपट्टा बांधून, पायांत मोजे आणि बूट घालून, आणि खिशात कांदा ठेवून. लू लागू नये म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतात हे मला ठाऊक आहे; पण डिसेंबरात, समुद्रावर? "सवय मोडू नाई माणसानं," ते म्हणाले, "उद्या अकोल्याले जा लागलं तं?" मग त्यांनी मला समुद्र दाखवला, तोही साईटवर आलेल्या मोठ्या साहेबाला दाखवतात तसा, हात लांब करून. "पाह्य. एवढं पाणी अन् एक पाट नाई काढला कोणी! कोणाच्या वावरात जात नाई, कोणाच्या नळाले येत नाई. नुसतं येते अन् जाते. आमच्या खात्यात असतं तं कवाच सस्पेंड झालं असतं." त्यांच्या वाडवडिलांचं गाव खारपाणपट्ट्यातलं, जिथे विहिरीचं पाणीच खारट. तेव्हा समुद्र खारा असतो ह्याचं त्यांना नवल ते काय! "आमच्या विहिरीत हेच होतं," ते म्हणाले, "फक्त आमी गाजावाजा नाई केला."

पाण्यात मात्र त्यांनी आजवर पाऊल टाकलेलं नाही. मी ओढून नेलं तेव्हा ओल्या वाळूच्या कडेला येऊन थबकले. "पायाखालची जमीन सरकली असं लोक नुसतं म्हनतात वं," ते म्हणाले, "इथं खरंच सरकते." रोज सकाळी ते भरतीच्या रेषेपर्यंत जातात, काल पाणी कुठवर आलं होतं ते पाहतात, ताईला "आज पातळी थोडी जास्त हाये" असा अहवाल देतात, आणि घरी येऊन बूट झाडतात. बाकीचा दिवस ओसरीवरच्या खुर्चीत. आणि खुर्ची अशी मांडलेली, की तोंड घराकडे आणि पाठ समुद्राकडे! लोक पैसे खर्चून लांबून येतात ते काय तुमच्या घराची भिंत पाहायला, मी विचारलं. "समुद्र काय पळून जाते का?" भाऊजी म्हणाले. दुपारची वेळ होती. तेवढ्यात घरमालक आले. हे तिथले म्हातारे, उघड्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी तोंड उघडायच्या आत भाऊजींनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला जी. झोपली हाये." मी खिडकीतून आत वाकून पाहिलं. ताई आडवी झोपली होती. "एकच उशी," भाऊजी माझ्या कानाशी कुजबुजले, आणि पुन्हा खुर्चीत बसून खिडकीतून आत पाहू लागले.

त्याच मुक्कामात भाऊजींनी घरमालकांना रोडग्यांचं जेवण दिलं, समुद्रकिनारी. आपल्याकडे शेतात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड गोळे, म्हणजे रोडगे, भाजतात, वांग्याची भाजी करतात, लोक बोटं चाटत जेवतात. तिथे गोवऱ्या कुठून आणायच्या? नारळाची सोडणं, म्हणजे वरची वाळकी सालं, पेटवली. वारा सुटला, धूर सगळा पाहुण्यांच्या डोळ्यांत आणि वाळू सगळी रोडग्यांत. घरमालकांनी एक रोडगा हातात घेतला, उलटासुलटा केला, गुडघ्यावर आपटून पाहिला आणि विचारलं, "अहो, हा खायचा की घराच्या पायात भरायचा?" भाऊजींनी तो फोडला, त्यात वाटीभर तूप ओतलं आणि पुढे केला. म्हातारा चार रोडगे जेवला. तेव्हापासून दोघांची दोस्ती झाली, म्हणजे रोज भांडण होऊ लागलं.

पण खरा इतिहास घडला तो उन्हाळ्यात. आपल्याकडे होळी झाली की कूलर निघतो. तो सणच आहे म्हणा ना. माळ्यावरून उतरवायचा, पत्र्याला रंग मारायचा, तिन्ही बाजूंच्या ताट्यांमधलं कुजकं गवत काढून नवं भरायचं, पंपाला यथेच्छ शिव्या द्यायच्या, आणि मग खिडकीत बसवून साऱ्या घराने त्याच्यापुढे आडवं व्हायचं. त्या होळीनंतर भाऊजी हातात टेप घेऊन फिरू लागले. ताईचा मला फोन : "अवं, रोज खिडकीचं माप घेऊन राह्यले हे. मले काही लक्षण बरं दिसत नाई." आणि एक दिवस भाऊजी अकोल्याला गेले, घरातला तो कपाटाएवढा लोखंडी कूलर एका टेंपोत चढवला आणि स्वतः त्याला धरून बसून कोकणात घेऊन आले. मी शाळेत शिकवते, सुट्टी लागली म्हणून तेव्हा तिथेच होते. अख्खी वाडी पाहायला लोटली. "हे खुराडं एवढं मोठं कशाला हो? कोंबड्या किती पाळणार आहात?" घरमालकांनी विचारलं. भाऊजींनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि समजावून सांगितलं, की बाहेरची कोरडी गरम हवा ह्या ओल्या गवतातून आत येते, पाणी पिते आणि थंड होते. घरमालकांनी वर आभाळाकडे पाहिलं, खांद्यावरच्या पंच्याने गळ्याचा घाम पुसला आणि म्हणाले, "पण इथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालीय. ती आणखी कुठे पिणार?"

ऐकतील तर ते भाऊजी कसले? त्यांनी बटन दाबलं. घर्रर्र करून तो ओळखीचा सूर लागला, आणि खरं सांगते, मलाही घर आठवलं. भाऊजी तर दोन मिनिटांत घोरू लागले. ताई म्हणाली, इथे आल्यापासून ते असे गाढ झोपलेच नव्हते. तिने त्यांच्या अंगावर चादर टाकली. मग एकेक प्रताप दिसू लागले. मिठाच्या बरणीत पाणी झालं. पापड भिजल्या कागदासारखे लोंबू लागले. काडेपेटी पेटेना. गाद्या ओल्या, चादरी ओल्या, भिंतीला बुरशी. भाऊजी म्हणत, "दम धर, ताट्या नव्या हायेत, मुरल्या का जमते." आणि अशाच एका दुपारी ताईचा हात उशीकडे गेला. मग दुसऱ्या उशीकडे. मी स्वयंपाकघरातून आले तर ती उठून बसलेली, खांदे वर चढलेले, छातीत शिट्टी. कूलरच्या घरघरीत ती शिट्टी तिच्या बाजूलाच झोपलेल्या भाऊजींना ऐकूच आली नव्हती. मी ओरडले. भाऊजी उठले, आणि ताईकडे धावायच्या आधी त्यांनी कूलरची वायर भिंतीतून उपटली. मग तिचा औषधाचा पंप, मग पाठीवरून हात, मग "काही नाई होत, काही नाई होत" एवढंच, कितीतरी वेळ. दिवेलागणीला ताई बरी झाली, चहा मागितला. भाऊजींनी मात्र स्वतःचा चहा निवू दिला आणि तिच्या पाठीशी तिसरी उशी लावली.

तो कूलर पुन्हा कधी चालू झाला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी तो उचलवून अंगणात ठेवला. मी म्हटलं, परत अकोल्याला तरी पाठवा. "राहू दे," म्हणाले, "गावाकडचं कोणी तरी असू दे जवळ." आठवड्याभरात घरमालकांच्या कोंबड्या त्यात राहायला गेल्या. म्हाताऱ्याला कोण आनंद! "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. भाऊजींनीही हार मानली नाही. "अकोल्याचा लोखंडी कूलर हाये, कुठंई ठेवा, कामाले येते," म्हणाले, आणि पहिलं अंडं निघालं ते मला पेढ्याच्या थाटात दाखवलं.

निघायच्या दिवशी मी पुन्हा माझा तोच प्रश्न काढला. म्हटलं, भाऊजी, आता खरं खरं सांगा, तुमाले समुद्र आवडते का नाई? त्यांनी खुर्ची जरा खिडकीकडे सरकवली. मग म्हणाले, "त्याचा आवाज मले जमला नाई वं. कूलर कसा, एक सूर लागला का लागला, माणूस निवांत होते. हा येते, अन् मधातच थांबते. आता थांबला काहून, म्हणून आपण वाट पाह्यत बसतो. मंग तिचा श्वास ऐका लागते. मंग पुन्हा हा येते. झोपावं कवा माणसानं?" मग एकदम मला टपली मारल्यासारखं म्हणाले, "पण हवा चांगली हाये. आईले सांग, मले लय आवडते."

पावसाळ्यात तिकडे धो धो कोसळायला लागला की इकडे त्यांचा रोज फोन. "पडला का?" मी म्हणते, नाही. "इथं रोज पडून राह्यला. लाज वाटते मले. नारळाच्या झाडाले कायले पाह्यजे एवढा? सकाळी त्याले म्हनलं, बावा, इथं काय करतं, पातूरकडं जा, तिथं सोयाबीन वाट पाहून राह्यलं तुही." लाटा तेव्हा कुंपणापर्यंत येतात. ताईला त्या पाहायला आवडतं. ती खिडकीत उभी राहते, आणि तिला पाऊस लागू नये म्हणून भाऊजी मागून तिच्या डोक्यावर शाल धरून, डोळे घट्ट मिटून उभे असतात, असं घरमालकांनी मला सांगितलं.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. अमरावतीत भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ऑटोवालेसुद्धा झाडाखाली सीटवर पाय वर करून झोपले होते. मी दारंखिडक्या लावून कूलरसमोर चटईवर पडले होते. भाऊजींचा फोन आला. "ऊन कसं हाये?"

"आग ओकून राह्यलं जी."

"वा!" ते इतके खूश झाले, की जणू मी पोरगी पास झाल्याचं सांगितलं. "अन् अकोल्यात?"

"तिथं जास्तच असन."

"असनच ना!" मग हळूच म्हणाले, "तू कूलरपाशी हायेस का?"

"हो."

"मोठ्यानं लाव अन् फोन धर बरं जरा त्याच्याजवळ. तुही ताई बसली हाये इथं, स्पीकरवर लावतो."

मी कूलर पूर्ण वाढवला आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. हात भरून आला तसा दुसऱ्या हातात घेतला. बऱ्याच वेळाने कानाला लावून म्हटलं, "भाऊजी? ऐकू येते का?" पलीकडून नुसता समुद्र ऐकू येत होता. येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. मग ताईचा आवाज आला, अगदी बारीक.

"हळू बोल वं. झोपले ते. खुर्चीतच झोपले."

मी फोन पुन्हा कूलरजवळ धरला.