चार बोटं मागे

दुसरी किकही उजव्या खांबाबाहेर गेली आणि हाफटाइमला आमचे कोच, रेड्डीसर, माझ्याशेजारी येऊन बसले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"कांबळे, लेग फाइन है. हेड में प्रॉब्लम है. मंडे को नया किकर ट्रायल के लिए आ रहा. तुमको मालूम रहना करके बोल रहा मैं."

म्हणजे तिसरी हुकली की हैदराबादच्या संघातली माझी नोकरी गेली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये मी प्लेसकिकर. बाकीचे खेळाडू एकमेकांवर आदळत असतात. मी स्वच्छ कपड्यांत बाहेर उभा. सामन्यात चार-पाच वेळा आत बोलावतात. नल्लकुंट्याला घरी गेलो की आमची आई विचारते, दोन लाथा मारायच्या, त्याचा पगार कशाला देतात? पगार मापाचा असतो. स्नॅपर वाकून पायांमधून बॉल मागे फेकतो. होल्डर गुडघा टेकून तो झेलतो आणि मी दाखवलेल्या खुणेवर उभा धरतो. मग मी तो दोन उंच खांबांमधून मारतो. सगळं सव्वा सेकंदात. पावलं त्या खुणेपासून मोजलेली, तीन मागे, दोन डावीकडे. धावताना विचार करायचा नाही.

सरांचं चुकतंय याची मला खात्री होती. प्रॅक्टिसमध्ये मी हुकत नव्हतो. घाबरलेल्या माणसाची किक एकदा इकडे जाते, एकदा तिकडे. माझ्या दोन्ही एकाच जागी गेल्या होत्या. म्हणजे चूक मापात होती.

मैदान रिकामं होतं. मी दुसऱ्या किकच्या जागी जाऊन उकिडवा बसलो. बुटाच्या टोकाने केलेली माझी खूण तशीच होती. गवत उखडलं होतं ते मात्र चार बोटं मागे. बॉल खुणेवर नव्हताच.

इम्रानला बोलावलं. इम्रान माझा होल्डर. इथे येण्याआधी आठ वर्षं त्याने क्लबसाठी विकेटकीपिंग केलं होतं. वेगाचा बॉल झेलताना कीपर हात मागे घेतो, नाहीतर बोटं कामातून जातात. प्रॅक्टिसमध्ये स्नॅप हळू येई, सामन्यात जोरात. जोर लागला की त्याचे हात आपोआप मागे येत आणि बॉल माझ्या जवळ सरके. माझा पाय त्याला घाईने गाठायचा, आणि बॉल उजवीकडे. मला हे कळलं नव्हतं, कारण होल्डरकडे बघायचं नाही हा नियम मीच केलेला.

हे सांगितल्यावर इम्रानचा चेहरा पडला. आठ वर्षांची सवय दहा मिनिटांत मोडत नाही, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, तू नेहमीसारखाच झेल, पावलं मी चार बोटं मागून मोजतो.

तिसरी किक अगदी शेवटी आली. आम्ही दोन गुणांनी मागे होतो, किकचे तीन मिळतात. मी पावलं मोजून उभा राहिलो, तेवढ्यात समोरच्या कोचने टाइमआउट घेतला. किकरला ताटकळत ठेवून घाबरवायची ही जुनी युक्ती. माझ्यावर चालत नाही. इम्रानवर चालली. बघतो तर तो हात ताठ करून झेलायचा सराव करत होता. हात ताठ म्हणजे बॉल खुणेवर, आणि माझी पावलं वाया. मी त्याच्यापाशी गेलो.

"इम्रान, क्या कर रा?"

"गलती मेरीच है ना मियाँ. सुधार रा हूँ."

"आज नक्को सुधर. वहीच गलती फिर कर."

त्याने हात सैल सोडले. मग म्हणाला, "हौ."

स्नॅप जोरात आला. हात मागे गेले. बॉल खांबांच्या बरोबर मधून गेला. सामना आमचा.

सोमवारी तो नवा किकर ठरल्याप्रमाणे आला. पाय माझ्यापेक्षा दणकट. सरांनी स्नॅप सामन्यासारखा जोरात द्यायला लावला, होल्डर इम्रानच. त्याच्या पाचही किक उजवीकडे. सरांनी वहीत लिहिलं, हेड में प्रॉब्लम.

त्या किकरला मी चार बोटांचं सगळं समजावून सांगितलं. मात्र त्याने बॅग भरल्यावर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पायाआधी होल्डरचे हात बघावेत, हे मलाही कुणी ट्रायलच्या आधी सांगितलं नव्हतं.