बाबांच्या नावाचा घास

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं मी देवासमोर हात जोडले नाहीत. देवावर रुसलो होतो असं नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ऑपरेशनच्या आधी बाबांना काही खायला द्यायचं नव्हतं. सकाळी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बाबू, घासभर भात दे ना मले." भंडाऱ्याकडची शेती सोडून ते इथे परमुलखात, पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले आणि आमच्या घराण्यात पहिला पदवीधर त्यांनी मला केलं. त्याच शिकलेल्या तोंडानं मी म्हटलं, "आता नाही बाबा, नंतर पोटभर जेवा." बाबा ऑपरेशनमधून उठलेच नाहीत. डॉक्टरांचं बरोबर होतं, माझंही बरोबरच होतं. तरी ताटात भात पडला की तो आवाज ऐकू यायचा.

यंदा आईनं रिसालीतल्या आमच्या घरी हट्टानं गणपती बसवला. आरतीच्या वेळी मी कधी बाथरूममध्ये, कधी फोनवर. प्रसाद "नंतर घेतो" म्हणून टाळायचो. आई एकदाच म्हणाली, "कावून पळून राहिला रे देवापासून?" मी शिकवतो त्या शाळेतले मरकाम सर गोंड समाजाचे. बालोदकडे त्यांच्या गावी नवाखाई होती, म्हणजे नव्या धानाचा सण. त्यांनी सहज चला म्हटलं आणि मी लगेच निघालो. खरं सांगायचं तर सण पाहायला नव्हे, आरती चुकवायला.

आम्ही सकाळीच पोहोचलो. घरच्या बायकांनी कोवळं धान भाजून, कांडून त्याचे पोहे केले होते आणि त्यात गूळ घातला होता. देवाच्या खोलीपुढे सगळं घर ओळीनं बसलं. सरांची आजी, जिला सगळे डोकरी दाई म्हणत, प्रत्येकापुढच्या पानावर थोडं थोडं वाढत गेली. मला पाहुणा म्हणून तिनं हातावरच दिलं. आमच्याकडे हातावर आलेला प्रसाद थांबवत नाहीत. दोन वर्षं मी तो टाळत आलो होतो, पण लहानपणची सवय हातात तशीच होती. काही कळायच्या आत घास तोंडात गेला.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. सरांनी हळूच सांगितलं की नवं धान आधी पूर्वजांना देतात, तोवर घरातलं लहान मूलही त्याला तोंड लावत नाही. सरांचे आजोबा पूर्वजांचं पान हातात धरून तसेच थांबले होते. सरांची वहिनी पदराआडून म्हणाली, "गुरुजी ला अब्बड़ भूख लागे रिहिस." गुरुजींना फारच भूक लागली होती. थोडं हसू उमटलं, पण माझे कान तापले. या लोकांचा वर्षाचा सण मी उष्टा केला होता. माफी मागायला उठू लागलो, तर दाईनं खांदा दाबून मला खाली बसवलं. माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "तोर घर ले कोनो भूखा गे हे का, बेटा?" तुझ्या घरचं कोणी उपाशी गेलंय का.

यातलं मी सरांनाही कधी सांगितलं नव्हतं. मी होकाराची मान हलवली.

"त ओही खाइस," ती म्हणाली. मग त्यानंच खाल्लं. आवाज असा, जणू पाऊस आला म्हणून सांगावं.

आजोबांनी बाबांचं नाव विचारलं. आपल्या पूर्वजांची नावं घेता घेता त्यांनी माझ्या बाबांचंही नाव घेतलं आणि पानावर एक चिमूट जास्त ठेवली. मग सगळ्यांनी खाल्लं. मी खात होतो आणि रडत होतो. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, हीसुद्धा त्यांची माया.

तो प्रश्न तिला कसा सुचला, मला माहीत नाही. ओशाळलेल्या कुठल्याही पाहुण्याला तिनं कदाचित असंच सावरलं असतं. मी शोध घेतला नाही. क्षमा मागायचंही धाडस माझ्यात नव्हतं आणि ती न मागता हातावर ठेवली गेली, एवढं मला पुरे आहे. बरोबर-चूक मी दोन वर्षं एकट्यानं तोलत बसलो होतो. ते ओझं आपलं नसतंच, देवाच्या पायाशी ठेवून द्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी घरी आरतीला मी आईशेजारी उभा राहिलो. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिनं भाताचं पातेलं उघडलं आणि घाबरत विचारलं, "तुह्या बाबाच्या नावानं घासभर काढू का?"

मी तिच्या हातातून भातवाढी घेतली. म्हटलं, "मी काढतो."