दोन इंजिनं अन् मागची सीट

लोक मले विचारतेत, तुमचा नवरा विमान जोडते म्हणे? मी म्हणते, हो, जोडते. त्यात बसला का, असं एकही जण विचारत नाई. म्हणून मीच सांगून राह्यली.

माह्या नवऱ्याचं नाव संघदीप. ढाणकीच्या एका जिनिंगमध्ये फिटर हायेत. त्याच्या आधी राजूरले कोळशाच्या खाणीत ड्रिल मशीन चालवत. त्या मशीनच्या हादऱ्यानं बोटं अशी बधिर झाली का, हिवाळ्यात ह्यायच्या शर्टाची बटनं अजूनही मीच लावून देते. मी पण त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायले जाते, म्हणून जे सांगते ते डोळ्यानं पाह्यलेलं हाय.

आमचे मालक गोविंदाशेठ. त्यायचा पोरगा घनश्याम बाहेरगावी विमान चालवायले शिकून आला अन् त्याले घरचं विमान पाह्यजे झालं. दोन सीटचं, लहानसं. सुट्ट्या भागांच्या पेट्या आल्या, परवानग्याचं शेठनं पाह्यलं अन् जोडायचं काम पडलं ह्यायच्या गळ्यात. इंजिनं मात्र शेठनं दोन मागवली, एक ठेवायचं अन् एक वापस करायचं. शेठ म्हणाले, "संघदीप, दोन्ही चालवून पाह्य, पक्षपात करू नको. जे सरस ते ठेवू. अन् विमान उडलं का मागच्या सीटवर तू बसशील." हे शब्द माह्यासमोरचे. तवापासून हा माणूस जेवतानाही वरतं पाह्यत जाये.

एक इंजिन नेहमीचं. सिलेंडर, त्यात पिस्टन खालीवर होते, आपल्या मोटारसायकलीत असते तसंच. दुसऱ्यात पिस्टनच नाई. आत तीन कोन्याचा लोखंडी तुकडा गोल गोल घुमते, बस. पह्यलं चालू केलं त ज्याच्यावर ते बसवलं तो सारा लोखंडी घोडा थरथरे. दुसरं चालू केलं अन् ह्यायनं त्याच्यावर हात ठेवला. "दीपमाला, हात लाव इथं. हालतच नाई." एवढं बोलून हात तसाच ठेवून उभे राह्यले. ज्या माणसाचे हात हादऱ्यानं खाल्ले, त्याले ते इंजिन कसं वाटलं असन, सांगा बरं.

मग वजनं झाली, जिनिंगच्याच काट्यावर. मापाडी उकंडाभाऊ. पिस्टनवालं सगळ्या सामानासकट उघडंच टांगलं होतं, जसंच्या तसं मोजलं. गोल फिरणारं चालवून पाह्यल्यावर परत त्याच्या पेटीत ठेवलं होतं. उकंडाभाऊनं पेटी तोलली, त्यातलं इंजिन काढलं, उरलेलं पेटीसकट पुन्हा तोललं अन् बारदाना म्हणून कापून टाकलं. जनमभर त्यानं हेच केलं. कापूस सोडून काट्यावर जे येईन, पोतं असो का सुतळी, ते वजा. गोल इंजिन एवढं हलकं निघालं का मागच्या सीटवर ह्यायच्यासारखा गडी आरामात बसन. शेठ खूश, हेही खूश.

त्याच्यानंतर दोघांचीही सारखीच परीक्षा घेतली. तोच पंखा, तेवढंच पेट्रोल, तेवढाच जोर. गोल इंजिन मऊ चाले, पण पेट्रोल घटाघटा पिये, तापेही लय. पिस्टनवालं कमी पेट्रोलात जास्त वेळ चाले, पण हादरे. हे म्हणत, "याच्यात व्हॉल्व्ह हाय, स्प्रिंग हाय, एक तुटलं का खेळ खतम. गोलवालं बिघडलं त जोर कमी होईन, पण रखडत का होईना घरी आणून सोडीन." दोघायचंही चांगलं बोलत, दोघायचंही वाईट.

गोल इंजिन विमानावर चढवायले घेतलं तवा ह्यायचा चेहरा उतरला. पाण्याचा रेडिएटर, तेल थंड करायची जाळी, पंख्याचा वेग कमी करायचा गिअरचा डबा, हे सारं तोलायच्या वेळी पेटीतच होतं. उकंडाभाऊनं ते बारदान्यात कापलं होतं. पण ते त विमानावर चढणारच. सारं धरून ह्यायनं पुन्हा तोललं त दोन्ही इंजिनं बराबर. वरून गोलवाल्याले पेट्रोल जास्त न्या लागते, म्हणजे जडच झालं. मागच्या सीटवर आता एखादं हलकं माणूसच बसन, हे नाई.

मी म्हटलं, "गप राहा ना. कोणाले समजते?"

"वरतं त्या जड विमानात घनश्याम बसन ना, दीपमाला," हे म्हणाले अन् शेठकडं गेले.

शेठ म्हणाले, बरं झालं सांगितलं. पिस्टनवालं ठेवलं, गोल इंजिन पेटीत भरून वापस गेलं. त्याच्या पेटीले खिळे ह्यायनंच ठोकले. शेठ जाता जाता म्हणाले, "मागं हलका माणूस पाह्यजे आता. वजन उतरव, मग पाहू."

लागला ना हा माणूस वजन उतरवायले! रातचा भात बंद केला. दोनाची एक भाकर केली. दर बाजाराच्या दिवशी उकंडाभाऊच्या काट्यावर उभे राहत. उकंडाभाऊ मजाक करे, "कपड्याचा बारदाना कापू का, संघदीप?" ह्यायले हासू येत नसे. पँट कमरेतून घसराले लागली, गालफडं बसली. मी भांडली, रडली. कोणाचं आयकत नव्हते. शेवटी काटा पाह्यजे त्या जागेवर आला.

पह्यल्या खेपेले मागच्या सीटवर सरकीचं पोतं बांधलं. पह्यल्यांदा माणूस बसवत नसतेत, ते मले समजते. दुसऱ्या खेपेले शेठचे उमरखेडचे व्याही बसले. तिसऱ्या खेपेले फोटोवाला. हे दर वेळेले खाली उभे, कान इंजिनाच्या आवाजाकडं. विमान उतरलं का त्याच हादरणाऱ्या इंजिनाले हात लावून पाह्यत अन् घरी बोटं चोळत बसत. माह्या जिवाची आग होये.

एक दिवस मी शेठच्या ऑफिसात गेली. म्हटलं, "शेठ, तुमी शब्द देल्ता. यायनं अन्न सोडलं तुमच्या शब्दावर. कायले बसवत नाई यायले?"

शेठ रागावले नाई. खुर्ची देली, पाणी देलं. म्हणाले, "दीपमालाबाई, दुसऱ्या कोणालेही बसवीन. त्याले कसा बसवू? काही झालं अन् तोही गेला, त मंग विमान दुरुस्त कोण करीन?"

मी पाणी तसंच ठेवून उठली. पोरगा वरतं असताना या माणसाले दुरुस्तीची काळजी होती.

घरी येऊन ह्यायले सारं सांगितलं. वाटलं, आता तरी चिडतीन, आता तरी काम सोडून देतीन. हे बोटं चोळत बसले होते. थोडा वेळ इचार केला, जसा दोन इंजिनायचा केलता तसाच, आधी शेठच्या बाजूनं अन् मग आपल्या.

"बराबर हाय ना त्यायचं," हे म्हणाले.

शेठवरचा राग मी गिळला असता. हे 'बराबर' मले आजही गिळवत नाई.