नोटिशीतला फोटो

देवाप्पाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं पहिल्या पाळीला वाळूचे साचे ठोकले, ती सवय हाडात मुरलेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, बायको पारूबाई जाऊन चार, तरी काकतीच्या त्या गल्लीत पहिला दिवा त्याच्याच खोलीत लागायचा. अंघोळ, चहा, दोन भाकऱ्या. सहापर्यंत सगळं उरकायचं. मग करायला काही उरायचं नाही.

मुलगा होता. दीपंकर. तिकडं निपाणीत, दीड तासाच्या वाटेवर. तीन वर्षांत तो बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

कारण देवाप्पाच. शब्द टाकून त्यानं पोराला आपल्याच फाउंड्रीत लावलं, ओतलेली कास्टिंग घासायच्या कामावर. चार महिन्यांत पोरानं सांगून टाकलं, जमत नाही. 'जमत नाही' हे देवाप्पाला कधी चाललं नव्हतं. चहाच्या गाड्यावर, दहा माणसांत तो म्हणाला, "खातोस तेवढ्या भाकरीचं तरी काम कर रं." लोक हसले. त्याच सायंकाळी दीपंकर कपडे भरून बापाच्या मोटरसायकलवरून निघून गेला. देवाप्पानं अडवलं नाही. गाडी बापाच्या नावावर राहिली. कागदावरचा मोबाईल नंबरही बापाचाच राहिला.

म्हणून पहिला मेसेज देवाप्पाला आला. हेल्मेट नाही, निपाणी, सकाळी सात बावन्न. शेजारच्या शामू टेलरनं लिंक उघडून दाखवली, तर आत फोटो. सिग्नलला एक पाय टेकून थांबलेला दीपंकर. केस विस्कटलेले. पाठीवर पार्सलची पिशवी, माणसापेक्षा मोठी. देवाप्पानं फोटो कितीतरी वेळ बघितला. दुसऱ्या दिवशी बसनं बेळगावला जाऊन मुकाट्यानं दंड भरून आला.

मग महिन्या-दीड महिन्यानं एखादा मेसेज येत राहिला. पूर्वी पोलीस शिट्टी मारायचा, पावती फाडायचा, थोडी हुज्जत व्हायची आणि विषय रस्त्यावरच संपायचा. आता चौकातला कॅमेरा फोटो काढायचा आणि तो काकतीला यायचा. देवाप्पा ते फोटो कास्टिंग तपासावं तसे तपासायचा. एकात पोर वाळलेलं वाटलं. एकात दाढी वाढलेली. दोन फोटो एकाच तारखेचे निघाले, सकाळी सात बावन्नचा आणि सायंकाळी सात दहाचा. अकरा तास पोर रस्त्यावर. एका फोटोत पाऊस होता. पिशवीवर प्लास्टिक नीट बांधलेलं आणि स्वतः चिंब. माल कोरडा ठेवला होता. देवाप्पाला ते काम पटलं. पटलं हे सांगायला माणूस नव्हता.

निम्म्या दंडाची सवलत जाहीर झाली तेव्हा तीन नोटिसा थकल्या होत्या. तो वाहतूक ठाण्यात गेला. पैसे भरायच्या खिडकीशेजारी आता एक वेगळं टेबल मांडलं होतं, ज्याला दंड मान्य नाही त्याचं ऐकून घ्यायला. टेबलावर सौम्या नावाची बाई होती, खाकीतली, तिशीची. रांगेतल्या देवाप्पाच्या हातातले नोटिशींचे छापील कागद तिनं मागून घेतले. एकदा फोटो बघितला, एकदा त्याचं पांढरं डोकं.

"अण्णा, दंड भरून भरून तरणे झालासा काय?"

रांगेतली माणसं हसली. देवाप्पानं सांगितलं, पोरगा आहे.

मागचं सगळं तिनं संगणकावर काढलं. थकलेले तीन सोडून आठ दंड, आठही बापानं भरलेले. पोराला यातलं काही ठाऊक आहे का, तिनं विचारलं. देवाप्पानं मान हलवली, नाही. तिनं एक फॉर्म पुढं सरकवला. गाडी कोण चालवत होतं त्याचं नाव आणि मोबाईल नंबर लिहायचा, म्हणजे इथून पुढची नोटीस चालवणाऱ्यालाच जाईल.

"मग फोटो मला येणार न्हाय?"

"तुमाला कशाला येईल?"

"भरतोय की मी. तक्रार हाय व्हय माझी?"

सौम्यानं पेन खाली ठेवलं. "तुमी भरतासा, म्हणून तर त्यो उघड्या डोक्यानं फिरतोय. पैसं तुमचं, पण डोकं त्याचं हाय, अण्णा."

देवाप्पा फॉर्म घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसला. फाउंड्रीत प्रत्येक साच्यावर ठोकणाऱ्याची खूण असायची. कास्टिंग फुटकं निघालं की ज्याची खूण, त्याच्यापुढं आणून टाकायचे. तो नवा होता तेव्हा भावकू मिस्त्री दया करून त्याच्या साच्यांवर स्वतःची खूण मारायचा आणि बोलणी स्वतः खायचा. सहा महिने देवाप्पाचा हात सुधारला नाही. भावकू आजारी पडला, पहिलं फुटकं कास्टिंग देवाप्पाच्या पायाशी येऊन पडलं, तेव्हा कुठं त्याला वाळू कळली.

तासाभरानं तो उठला. जुने तिन्ही दंड भरले. मग फॉर्मवर दीपंकरचं नाव लिहिलं आणि नंबर लिहिला. अक्षर चांगलं काढलं. सौम्यानं शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

महिना गेला. दुसरा गेला. मेसेज आला नाही. पोरानं हेल्मेट घेतलं, का नोटिसा त्याच्याकडं साठत चालल्या, का त्यानं गावच सोडलं, कळायला वाट नव्हती. फोन करावा म्हणून त्यानं दोनदा नंबर काढला. काय बोलायचं ते ठरेना. तिसऱ्या महिन्यात पेन्शन जमा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीनं निपाणीला गेला. जागा ठाऊक होती, वेळही ठाऊक होती. नोटिशीतच होती.

पावणेआठला तो सिग्नलपाशी उभा राहिला. आठला पाच कमी असताना ती मोटरसायकल आली. नंबर त्याचा, टाकीवरचा पोचा त्याचाच. मागं पिशवी. सिग्नल लाल झाला आणि गाडी चार हातांवर थांबली.

डोक्यावर हेल्मेट होतं. काळं, पूर्ण तोंडाचं, काच खाली ओढलेली. आत पोर वाळलंय का सुधारलंय, दाढी काढली का ठेवली, काही दिसलं नाही. देवाप्पानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काच समोरच बघत होती. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी पार्सलं घेऊन गेली.

काम नीट झालं होतं. देवाप्पा स्टँडवर गेला आणि बेळगावच्या गाडीत चढला. कंडक्टरनं तिकीट विचारलं. एकतीस वर्षं वाळू ठोकल्यावर महिन्याला जी पेन्शन हातात यायची, त्यातली आणखी एक नोट त्यानं काकतीच्या तिकिटासाठी मोडली.